धागा: अनोळखी माणसं अंगावर येतात तेव्हा तुम्ही काय करता? (ठाणे, लोकल, रिक्षा, रस्ता, सगळंच)

कृष्णाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी मूळची सांगलीची. मार्चपासून ठाण्यात, मानपाड्याला भाड्याने राहते. ऑफिस साकीनाक्याला. सकाळी बस नाहीतर शेअर रिक्षाने स्टेशन, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. संध्याकाळी तेच उलटं.

आज पावणेसातला घाटकोपरहून बदलापूर फास्ट पकडली. पकडली म्हणजे काय, मागच्यांनी चढवलं. दारात दांडी धरून एक बाई उभ्या, चाळिशीच्या असतील. "कुठे उतरणार?" म्हटलं, ठाणे. बस्स.

"ठाण्याला जायला ठाणा लोकल मिळत नाही? वीस मिनिटांसाठी आमच्या गाडीत कशाला मरायला येता?"

मी म्हटलं, "सॉरी." कशाबद्दल सॉरी, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांच्या शेजारची म्हणाली, "सॉरी काय, तोंड बघ कसं केलंय." मग चौघीपाचजणी हसल्या. मुलुंड मागे पडेपर्यंत माझी सॅक, माझे मोकळे केस, माझं सांगलीचं हेल काढून बोलणं, सगळं झालं. ठाण्याला उतरताना कुणी तसूभर सरकलं नाही. बरगडीत कोपर बसलं, मी बाहेर फेकली गेले आणि डाव्या पायातली चप्पल गाडीतच राहिली. गाडी सुटता सुटता आतून कुणीतरी ती चप्पल माझ्या अंगावर भिरकावली. गुडघ्याला लागून खाली पडली.

मी ती उचलली नाही. उजव्या पायातलीही तिथेच काढून ठेवली आणि अनवाणी जिना चढले. स्टेशनबाहेर दीडशेची रबरी सपाता घेतली. विक्रेत्याने माझ्या पायाकडे बघितलं, काही विचारलं नाही, सुट्टे परत दिले.

आता बारा वाजत आलेत. जेवले नाही. डोक्यात तोच सीन चालू आहे आणि दर वेळी मी वेगळं उत्तर देते. एकाहून एक फर्मास उत्तरं. सांगलीत मी भाजीवाल्याशी, शेजारणीशी, प्रसंगी बँकेच्या मॅनेजरशी भांडलेली बाई आहे. इथे तोंडाला कुलूप लागतं. आठ महिन्यांत हा चौथा-पाचवा प्रसंग. रिक्षावाला एकदा "उतरा खाली" म्हणाला होता, का, तर मी मीटर टाकायला सांगितलं. एकदा तीन पेट्रोल पंपाजवळ रस्ता ओलांडताना बाइकवाल्याने थांबून आईवरून शिवी दिली. सिग्नल माझा होता.

तुम्ही लोक कसं करता? लगेच उत्तर देता? सोडून देता? सोडून दिलं तर रात्री झोप लागते?

---

घोडबंदरी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

धाग्यावर स्वागत. वाईट वाटलं वाचून.

माझा अनुभव रस्त्याचा. पातलीपाड्याच्या पुढे दोन वर्षांपूर्वी एकाने बाइक आडवी घातली आणि हेल्मेटने माझ्या बॉनेटवर तीन दणके दिले. त्याच्या मते मी कट मारला होता. असेलही. मागच्या सीटवर मुलगी, वय सहा. त्या दिवसापासून माझे नियम: काच खाली होत नाही, दार उघडत नाही, डोळ्याला डोळा भिडवत नाही, फोन उचलून ११२ लावतो आणि तो बघेल असा कानाला धरतो. त्या दिवशी फोन कानाला लावल्यावर तो शिव्या देत निघून गेला. डॅशकॅम तेव्हा नव्हता, दुसऱ्या आठवड्यात बसवला.

लोकलचं मला विचारू नका, मी २०१४ साली सोडली. तेव्हाही कारण हेच होतं.

---

सदाशिव_पेठी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

पुण्यात या. इथे अनोळखी माणूस अपमान करत नाही, त्यासाठी रीतसर दुकानात जावं लागतं.

(हलके घ्या.)

---

खटखट_पंच | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

ताई, मी ठाण्यात परिवहनमध्ये २८ वर्षं कंडक्टर होतो. रोज हजारभर अनोळखी माणसं. त्यांतली दहा तरी घरचं भांडण घेऊन बसमध्ये चढायची आणि सुट्ट्या पैशांवरून माझ्यावर काढायची. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला उत्तर द्यायचो. रात्री घरी येऊन बायकोला सगळं सांगायचो. ती एक दिवस म्हणाली, "तुम्ही बस घरी आणता आणि मला त्यात चढवता." तेव्हा जरा डोळे उघडले.

मग एक जुने कंडक्टर होते, कोपरीचे. ते काय करायचे बघा. कुणी आवाज चढवला की ते स्वतःचा आवाज खाली आणायचे. इतका खाली, की समोरच्याला ऐकायला गप्प बसावं लागायचं. आणि मग त्याला काम सांगायचे. "साहेब, तेवढं त्या मागच्या पोरांना जरा पुढे सरकायला सांगता का, माझा आवाज पोचत नाही." दहातले सात जण सांगायचे! आत्ता मला खाईन की गिळीन करणारा माणूस मिनिटभरात माझ्या वतीने गर्दी हटवायचा. माणसाला काम दिलं की त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही.

उरलेले तीन? त्यांना काही लागू पडत नाही. दारू प्यालेला, घरून मार खाऊन आलेला, आणि ज्याच्याबरोबर चार मित्र आहेत तो. या तिघांना कधी उत्तर द्यायचं नाही. चार मित्रवाला सगळ्यात वाईट, कारण तो तुमच्याशी बोलतच नसतो, मित्रांशी बोलत असतो. तुमच्या डब्यातल्या बाईंचं तेच झालं. पहिलं वाक्य तुम्हाला होतं. पुढची सगळी मैत्रिणींसाठी.

म्हणून त्यांच्याकडे बघायचंच नाही. अगदी बाजूच्या तिसरीकडे बघून साधं काहीतरी विचारायचं. "ठाणं कुठल्या बाजूला येईल हो?" मी तर पंच घेऊन दांडीवर खटखट वाजवायचो. भांडण चालू असलं तरी सगळी बस एकदम त्या आवाजाकडे बघते. सवय. पुढे मशीन आलं, त्याचा आवाज कसला, टुक टुक.

सॉरी म्हणालात ते चुकलं नाही. फक्त सॉरीच्या पुढे थांबू नये. "सॉरी, पण उतरणार ठाण्यालाच." एवढं म्हटलं की आपलं आपल्याला बरं वाटतं.

---

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४५

काका, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि "टुक टुक"ला हसू आलं. कालपासून पहिल्यांदा. काम देण्याचं करून बघते. आज मात्र घाबरून सकाळची ठाणा स्लो घेतली, दहा मिनिटं उशीर झाला.

---

चौथीसीट | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

मी बदलापूरची. ती बाई मी नाही, पण मी असू शकले असते. म्हणून लिहिते. शिव्या खायची तयारी आहे.

सीएसएमटीपासून ठाणं ३४ किलोमीटर. बदलापूर ६८. म्हणजे तुमचं घर येतं तेव्हा माझा निम्मा रस्ता झालेला असतो. ठाण्याच्या पुढे जाणारी प्रत्येक लोकल ठाण्याला थांबते, त्यात ठाण्याच्याच सुटणाऱ्या गाड्या वेगळ्या. तुम्हाला दहा गाड्या चालतात. मला एक चालते. ती चुकली की मी फलाटावर, आणि घरी सासूबाईंचं इन्सुलिन साडेआठला.

मी सकाळी पाच दहाला उठते. संध्याकाळी गाडीत मेथी निवडते, कारण घरी पोचून निवडायला वेळ नसतो. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर, अर्धं अंग बाहेर काढून, मांडीवर पिशवी, त्यात मेथी. कुणीतरी सॅक घेऊन येतं, सॅक पाठीवर, वळलं की माझ्या तोंडावर. घाटकोपरला चढणारी ठाणेकरीण आत सरकत नाही, कारण तिला लगेच उतरायचं. ती दारात थांबते. दारात ती थांबली की डोंबिवलीची मुलगी बाहेर लटकते.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारातली माणसं पडली. गेली. तेव्हापासून मी दारातल्या मुलींना हाताला धरून आत ओढते. त्यांना वाटतं मी भांडते. वाटू दे.

तुमच्यावर हसल्या ते चूक. केसांवरून, बोलण्यावरून बोलल्या ते तर अगदीच चूक, त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही. पण एक सांगू का? चप्पल तुम्हाला लागावी म्हणून फेकली नव्हती. तुम्हाला मिळावी म्हणून टाकली. सुटत्या गाडीतून राहिलेली वस्तू अशीच टाकतात: डबा, छत्री, चष्म्याचं घर, एकदा तर कवळी. एका पायाची चप्पल बदलापूरला नेऊन तिचं लोणचं घालायचं का आम्ही?

---

स्पष्ट_बोलते | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:२८

वा. म्हणजे बरगडीत कोपर मारायचं, वर चप्पल फेकायची आणि ती मदत होती म्हणायचं. गाडी काय तुमच्या मालकीची आहे? पास सगळ्यांनीच काढलाय.

---

चौथीसीट | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मालकीची नाहीच. पण ठाण्याचा पास घेऊन कर्जत लोकलमध्ये खिडकीत बसून जाणारी माणसंही बघितली आहेत. सोडा.

---

स्पष्ट_बोलते | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:४४

खिडकीत बसणं आता गुन्हा?

---

पाचपाखाडी_पाऊस | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

[प्रतिसाद काढून टाकला आहे]

---

संपादक_मंडळ | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

कोण कुठल्या राज्यातून आलं आणि कुणी कुठली भाषा बोलावी, हे या धाग्याचं काम नाही. त्यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. ठाणे विरुद्ध बदलापूर सामनाही इथेच थांबवावा. धागाकर्तीने विचारलं आहे की अशा वेळी काय करावं, त्यावर लिहा.

---

पामबीच | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

नेरुळहून. आमच्या ट्रान्स-हार्बरवर (ठाणे-नवी मुंबई लोकल) गर्दी कमी म्हणून भांडणं कमी, असा लोकांचा समज आहे. सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर या आणि ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांची झुंबड बघा. मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल जानेवारी २०२० ला याच मार्गावर आली होती, आठवतंय? मी त्यात मुद्दाम बसलो होतो. अर्ध्या रिकाम्या डब्यात एक गृहस्थ शेजारच्याला ओरडत होते, की तू माझ्या हातावर हात का ठेवलास. म्हणजे सगळं गर्दीमुळेच होतं असं नाही.

---

ऍड_कोर्टनाका | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करते. कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण यावर लोकांच्या अपेक्षा एक तर फार असतात किंवा अजिबात नसतात.

शिवीगाळ करून चिथावणं (भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२) आणि साधी मारहाण (११५, पोटकलम २) ही प्रकरणं अदखलपात्र. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करतात, न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय तपास किंवा अटक करत नाहीत. लोक म्हणतात, मग उपयोग काय? उपयोग असा, की तोच माणूस महिन्याने पुन्हा आडवा आला तर तुमच्याकडे तारखेचा कागद असतो. शेजाऱ्याच्या बाबतीत हा कागद फार कामाला येतो, अनोळखी माणसाच्या बाबतीत कमी, हे मान्य.

पुरुषाने अश्लील बोलणं, हावभाव करणं (कलम ७९), अंगाला हात लावणं (७४), पाठलाग (७८), हे मात्र दखलपात्र. इथे एनसीवर समाधान मानायचं नाही, एफआयआरच मागायचा. आणि "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होतो. गाडीत किंवा फलाटावर घडलं तर लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९, हे दोन आकडे फोनमध्ये घालून ठेवा. आत्ता. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

एक गंमत, ठाणे-बदलापूर दोघींसाठी. रेल्वे कायदा १९८९, कलम १५५. आरक्षित नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पण या कलमाचा कागद दारात दाखवून कुणी आत शिरल्याचं मी तरी बघितलेलं नाही. मी स्वतः मुलुंडला राहते आणि दारातल्या बायकांना "मावशी, जरा" असंच म्हणते.

---

वर्गात_शांतता | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक मुद्दा. कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत की चौघीपाचजणी हसल्या. डब्यातल्या बाकीच्या शंभर जणींचं काय? त्या गप्प होत्या. मला वाटतं, तुम्हाला रात्री झोपू देत नाही ते हेच. एकीने "अगं, पुरे" म्हटलं असतं तर तुम्ही आठच्या सुमारास जेवला असता.

त्या गप्प का राहिल्या? १९६८ साली डार्ली आणि लाताने या दोघांनी एक प्रयोग केला होता. इंटरकॉमवर एका माणसाला झटका आल्यासारखा आवाज. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यातले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यातले फक्त ३१ टक्के. माणसं दुष्ट नव्हती, उलट घाबरलेली होती. प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणीतरी बघेल. आता पाच जणांत ही गत, तर आपला डबा घ्या. रेल्वेच्या हिशेबात गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी धरतात. एक चौरस मीटर म्हणजे जेवणाचं लहान टेबल!

तर उपाय काय? "कुणीतरी बोला ना" असं सगळ्यांना म्हणू नका. एकीला निवडा, तिच्या कपड्यांच्या रंगाने हाक मारा. "हिरवी साडीवाल्या काकू, मला जरा पुढे घेता का?" आता जबाबदारी एका माणसाची झाली. ती टाळणं फार अवघड जातं. खटखट काकांनी २८ वर्षांत जे शोधलं ते याच्या फार जवळचं आहे, त्यांना कुणी प्रबंध लिहायला सांगितला नाही इतकंच.

आणि तोंडाला कुलूप लागतं त्याची लाज नको. हल्ला झाला की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं. डब्यात पळायला जागा नाही, लढायला हात हलत नाही. मग काय राहिलं?

---

स्पष्ट_बोलते | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

सगळं पटलं, तरी एक टोचतंय. खाली आवाज, गोड हाक, "मावशी जरा", हे सगळं ज्याला त्रास झाला त्यानेच करायचं. त्रास देणारीने काय करायचं, यावर एकही प्रतिसाद नाही. मी घणसोलीला एकीला सरळ म्हटलं होतं, "माझ्याशी असं बोलायचं नाही." मोठ्याने, एकदाच, आणि पुढे काही नाही. ती गप्प झाली. हात थरथरत होते माझे, पण ती गप्प झाली.

---

खटखट_पंच | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:००

तेही बरोबर आहे. मीही केलंय, वर्षातून एकदोनदा. रोज करता येत नाही, दम लागतो. आणि पुरुषांच्या डब्यात ते वाक्य टाकताना समोर कोण आहे ते बघावं. तिथे पुढचं उत्तर तोंडाने येत नाही.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

काकांना दुजोरा. माझ्या मित्राचा पुढचा दात याच वाक्यावर गेला. दिव्याजवळ. भांडण कशावरून, तर पंख्याचा रोख कुणाकडे. दाताचे अकरा हजार झाले आणि पंखा बंदच होता, हे नंतर कळलं.

---

कृष्णाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. १५१२ आणि १३९ सेव्ह केले.

चौथीसीट, तुमचा प्रतिसाद पहिल्यांदा वाचला तेव्हा इतका राग आला की फोन पालथा ठेवला. नंतर तीनदा वाचला. मी दारात थांबते हे खरं आहे. आत गेले तर ठाण्याला बाहेर पडता येणार नाही, ही भीती. सॅकसुद्धा पाठीवर होती. आठ महिन्यांत मला कुणी हे नीट सांगितलंच नाही, ज्यांनी सांगितलं त्यांनी शिवीतून सांगितलं. पुढे घ्यायची असते हे मला आज तुमच्यामुळे कळलं.

पण चपलेचं पटत नाही हो. मदत करायची तर गुडघ्यावर कशाला? आणि फेकताना हसण्याचा आवाज मी ऐकलाय. कदाचित ती हसणारी एक आणि टाकणारी दुसरी असेल. असेलही. काल सकाळी मुद्दाम त्याच फलाटावर जाऊन बघितलं. दोन्ही चपला नव्हत्या. सफाईवाल्यांनी नेल्या असतील. हिशेबाने त्या जोडीने सापडल्या असणार, म्हणजे कुणाच्या तरी पायात तरी गेल्या असतील. सातशेच्या होत्या.

---

चौथीसीट | १३ नोव्हेंबर, रात्री १०:५५

धावत्या गाडीतून नेम कसा लागणार? मी एकदा टाकलेली छत्री हमालाच्या डोक्यात बसली होती.

नीट सांगते, शिवी न देता. घाटकोपरला चढल्यावर दारात थांबू नका, पण सीटांच्या मधेही घुसू नका. दाराच्या आतल्या बाजूला आडवी मोकळी जागा असते, तिथे समोरच्या दाराकडे सरका. चढल्या चढल्याच विचारा, "ठाणं कुठल्या बाजूला?" आणि "ठाण्याला कोण उतरणार?" रोज चारसहा जणी निघतात. त्यांच्या मागे लागून राहायचं. मुलुंड गेलं की सगळ्या मिळून दाराकडे. एकटी उतरणारी मार खाते, रांगेतली नाही. केस बांधा, दांडीच्या कडीत अडकतात, टोमण्यासाठी नाही सांगत.

आणि शनिवारी या बदलापूर फास्टला, कुणी काही म्हणत नाही. बाकी दिवशी ठाणा लोकल असेल तर तीच घ्या, हे माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

---

घोडबंदरी | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

रिक्षावाल्याबद्दल राहिलं. मीटरला नकार दिला तर वाद घालू नका. गाडीचा नंबर दिसेल असा फोटो घ्या, तोही उतरून, चार पावलं लांब गेल्यावर. तोंडावर फोन रोखला की माणूस बिथरतो. भाडं फेब्रुवारी २०२५ पासून किमान २६ रुपये आहे, तेवढं पाठ ठेवा. पुष्कळ वेळा भांडण जुन्या-नव्या आकड्यावरूनच लागतं.

आणि हो, सगळे तसे नसतात. कापूरबावडीच्या पुलाखाली माझी गाडी बंद पडली तेव्हा धक्का मारायला उतरले ते तिघंही रिक्षावालेच. पैसे घेतले नाहीत. वर शिव्याही दिल्या, "सर्व्हिसिंग करत जा की रे."

---

कृष्णाकाठ | २ डिसेंबर, रात्री ९:३०

मंडळी, तीन आठवड्यांनी हजेरी.

केस बांधते. सॅक पुढे. "ठाण्याला कोण?" असं विचारायला पहिले दोन दिवस आवाज फुटला नाही, तिसऱ्या दिवशी इतका मोठा फुटला की अख्खा डबा वळला. पाच जणी निघाल्या. आता त्यातल्या दोघींचे नंबर आहेत. काकांचं काम देण्याचं एकदा लागू पडलं, एकदा साफ पडलं. दुसऱ्या वेळी ती बाई म्हणाली, "मी काय तुझी नोकर आहे?" तेव्हा सॉरी न म्हणता खिडकीबाहेर बघत राहिले. घरी येऊन जेवले. रात्री एकदाच आठवलं.

मागच्या आठवड्यात रिक्षावाल्याने पुन्हा ऐकवलं आणि रडूही आलं, ते लपवत नाही.

पण आज सकाळचं सांगायचंय. ठाण्याहून धीमी पकडली होती. नाहूरला एक मुलगी घाईघाईत उतरली आणि तिची डब्याची पिशवी वर हुकालाच राहिली. गाडी सुटली. कुणी हललं नाही. मी पिशवी काढली, दारापर्यंत धडपडत गेले आणि "अगं ए!" ओरडून तिच्या दिशेने टाकली. पिशवी तिच्या पोटरीवर आपटली, डबा उघडला, पिवळी आमटी फलाटभर झाली, तिच्या पांढऱ्या सलवारीवर पण.

तिने वर माझ्याकडे जे बघितलं ना! मी हात हलवत होते, खुणेने काहीतरी सांगत होते, आणि खरं सांगते, तिच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू फुटलं. गाडी भांडुपला लागेपर्यंत थांबेना.

---

चौथीसीट | २ डिसेंबर, रात्री ९:४१

आज रात्री ती कुठेतरी धागा काढत असेल. शोधा.